आपल्याच गाडीचं लोखंड

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

"माझं मन मला साक्ष देतं, मग मी कुणाची पर्वा कशाला करू?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी उच्चारलेलं असतं. मी तर ते अकरा वर्षं उच्चारत होतो, आणि तेही माझ्या पाठच्या सख्ख्या भावाच्या बाबतीत. वाडीला महाराजांच्या पादुकांसमोर हात जोडून उभा राहिलो, तरी मनात हेच असायचं, की महाराज, माझं मन साफ आहे, आता तुम्हीच त्याला सद्बुद्धी द्या. पण मन साफ आहे असं वाटणं आणि मन साफ असणं या दोन्ही गोष्टी एकच आहेत का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडला गेल्या वर्षी कार्तिकात, एका जीपगाडीत होकायंत्र बसवताना. श्रीदत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून तेच आपल्यापुढं ठेवतो.

आधी घरची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. मी पाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. कालव्याच्या रेघा आखणं आणि जमिनी मोजणं यात बत्तीस वर्षं गेली. ठेकेदाराच्या चहाचाही मी कधी मिंधा झालो नाही. वडील गेल्यावर शेताची वाटणी करायची वेळ आली तेव्हा घरात मोजणारा मीच. मी गडी घेऊन गेलो, टेप धरला, दोन समान भाग केले आणि मधे बांध घातला. एक गुंठाही इकडचा तिकडं नाही. फक्त एवढंच झालं, की विहीर आणि विहिरीवरचा औदुंबर माझ्या बाजूला आला. विहीर वडिलांनी खणली, पण तिच्या बांधकामाला माझ्या पगारातले पैसे गेले होते, त्यामुळं त्यात मला काही वावगं वाटलं नाही. धाकट्यानं तोंडातून शब्द काढला नाही. पण त्या वर्षीपासून तो औदुंबराखाली दत्तजयंतीला आला नाही. आजोबांपासून चालत आलेला एकत्र उत्सव दोन घरांत दोन झाला. मी म्हणायचो, "मी स्वतः मोजलंय. माझं मन साफ आहे."

त्या धाकट्याचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. भांडण आमचं, पण पोरगा माझ्याकडं येणं-जाणं ठेवून होता. त्याला डोंगरदऱ्यांतून, वाट नसलेल्या रानातून गाडी घालायचा नाद आहे. त्यानं चारही चाकांना ताकद जाणारी एक जुनी जीप घेतली होती. मित्रांबरोबर गिरनार करायचा, तिथून पुढं कच्छला जायचं, काळा डुंगरावरच्या दत्तमंदिरात दर्शन घ्यायचं आणि परवानगी असेल तेवढं रण पाहून यायचं, असा बेत होता. आदल्या खेपेला माळरानात फोनची रेंज गेली, नकाशा उघडेना, आणि धुळीत दिशा चुकून ही मंडळी दोन तास एकाच जागी घुटमळली होती. म्हणून त्यानं या वेळी गाडीत बसवायचं होकायंत्र आणलं. मुसंबीएवढा काचेचा गोळा, आत पातळ तेल, तेलात तरंगणारी अंशांची तबकडी. तेल अशासाठी, की गाडी खड्ड्यांतून उधळली तरी तबकडी नाचू नये.

तो म्हणाला, "काका, तुमचा जन्म यात गेला. जरा बघा ना, बरोबर बसलंय का?"

त्यानं ते डॅशबोर्डवर काचेलगत मधोमध चिकटवलं होतं. बुडाशी दत्तमहाराजांची छोटी मूर्ती होती, तिच्या उजव्या अंगाला हे यंत्र. आमच्या घरासमोरचा रस्ता पूर्व-पश्चिम जातो. गाडीचं तोंड पूर्वेला होतं आणि यंत्र पूर्वच दाखवत होतं. गाडी फिरवून पश्चिमेला केली, तर यंत्रानं पश्चिम दाखवली. पोरगा खूश झाला. म्हणाला, "झालं की, काका. दोन्हीकडं बरोबर आहे."

मी म्हटलं, "गाडी जरा बोळात घाल." बोळ उत्तरेला जातो. तिथं गाडी घातली आणि यंत्र अठरा अंश चुकलं. उलट दक्षिणेला तोंड केलं, तर तितकंच दुसऱ्या अंगाला चुकलं. अठरा अंश म्हणजे थोडं वाटतं, पण त्या भरवशावर सरळ निघालेला माणूस किलोमीटरमागं तीनशे मीटरच्या वर बाजूला जातो. दहा किलोमीटर चाललात, तर तीन किलोमीटर दुसरीकडं निघाल. आणि वाटेत कुठंही आपण वाकडे चाललोय असं वाटत नाही, कारण सुई सगळा वेळ समोर स्थिर दिसत असते.

असं का होतं, हे जहाजवाल्यांना फार पूर्वी कळलं. 1801 साली इन्व्हेस्टिगेटर जहाज घेऊन ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची आखणी करायला निघालेल्या मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज कप्तानाच्या ध्यानात आलं, की जहाजाचं तोंड बदललं की सुईची चूकही बदलते. दोष सुईचा नव्हता, जहाजातल्या लोखंडाचा होता. पुढं जहाजंच लोखंडाची झाली तेव्हा प्रश्न बिकट झाला. 1838 साली जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञानं रेनबो नावाच्या लोखंडी आगबोटीवर प्रयोग करून, सुईजवळ मुद्दाम छोटी चुंबकं ठेवून जहाजाच्या लोखंडाची ओढ फेडता येते, हे दाखवलं. आजच्या गाडीतल्या होकायंत्राच्या पोटात दोन बारीक स्क्रू असतात, ते त्याच युक्तीचे वंशज. एक उत्तर-दक्षिणेची चूक काढतो, दुसरा पूर्व-पश्चिमेची.

इथं एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. सुई खोटं बोलत नाही. ती जिथं बसली आहे तिथं जेवढी म्हणून चुंबकाची ओढ आहे, त्या सगळ्यांची बेरीज ती प्रामाणिकपणे दाखवते. त्या बेरजेत पृथ्वीची ओढ असते आणि आपल्याच गाडीच्या लोखंडाचीही असते. सुईला त्यातली कुठली कोणाची, हे ओळखता येत नाही. आपल्या अंतःकरणाचंही असंच नाही का? मन साक्ष देतं, आणि ते खोटी साक्ष देत नाही. पण त्या साक्षीत देवाची ओढ किती आणि आपल्या मी-माझंची किती, हे मनाला आतून कळत नाही. म्हणूनच जाणूनबुजून लबाडी न करणारी, देवधर्म करणारी माणसंही घरच्या घरी मोठा अन्याय करून बसतात आणि रात्री शांत झोपतात. मीही अकरा वर्षं शांत झोपत होतो.

आम्ही कामाला लागलो. मळणी झालेल्या मोकळ्या रानात गेलो. जवळ पत्र्याची शेड नको, विजेच्या तारा नकोत, दुसरी गाडी नको. माझा जुना प्रिझमॅटिक कंपास काढला. गाडीपासून चांगला लांब उभा राहिलो, खिशातल्या किल्ल्या आणि घड्याळ काढून ठेवलं, आणि फक्कीनं जमिनीवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा दोन रेघा मारल्या. मग चूक कशानं होते ते शोधायला बसलो. पोराला म्हटलं, एकेक बटण दाब. दिवे लावले, तबकडी किंचित हलली. तारेतून वीज वाहिली की शेजारची सुई हलते, हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञानं 1820 सालीच दाखवलेलं आहे. वायपर लावला, तशी आणखी हलली. खालच्या कप्प्यात आधीच्या मालकानं बसवलेला मोठा स्पीकर होता, त्याच्या मागं वाटीएवढं चुंबक. तो काढला. फोन अडकवायचा चुंबकाचा स्टँड काढला. तरी बरीच चूक उरलीच.

शेवटी मी दत्तमहाराजांच्या मूर्तीकडं पाहिलं. खडबडीत वाटेवर पडू नये म्हणून तिच्या तळाला चुंबक होतं. पोरगा चपापला. म्हणाला, "काका, देवाला कसं हलवायचं?" मीही थबकलो. मग नमस्कार केला, मूर्ती उचलली, आणि तबकडी डोळ्यांदेखत जागची सरकली. तळाचं चुंबक सोडवून काढलं आणि तीच मूर्ती चिकटपट्टीनं पुन्हा तिच्या जागी बसवली. सुईवर आता काही परिणाम नव्हता. देवाच्या मूर्तीनं सुई वाकवली नव्हती, मूर्ती धरून ठेवायला आपण जे खाली लावलं होतं त्यानं वाकवली होती.

हे मला त्या क्षणी लागलं, पण कुठं लागलं ते कळायला आणखी घटकाभर गेला. गाडी फक्कीच्या रेघेवर उत्तरेला तोंड करून उभी केली आणि उरलेली चूक पितळी स्क्रूड्रायव्हरनं काढायला घेतली. पितळी अशासाठी, की लोखंडी हत्यार जवळ नेलं तर तेच सुईला ओढतं. चूक काढायला निघालेल्याच्या हातातच लोखंड असून चालत नाही. उत्तरेची चूक पूर्ण काढली. पूर्वेची पूर्ण काढली. मग दक्षिणेला तोंड केलं. इथं नियम असा, की जी चूक दिसेल तिची निम्मीच काढायची. सगळी काढाल, तर उत्तरेचं बिघडेल. पश्चिमेलाही तसंच. पोरगा सगळं पाहत होता. तो सहज म्हणाला, "काका, म्हणजे आपण फक्त घरासमोरच्या रस्त्यावरच हिंडलो असतो, तर चूक जन्मात कळली नसती."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. बत्तीस वर्षं मी एकाच रस्त्यावर माझी सुई तपासत होतो. ठेकेदाराकडून पैसा घेतला नाही, सरकारी दगडाला हात लावला नाही, त्या दिशेला माझी सुई बिनचूक होती. आणि तिथं ती बिनचूक आहे म्हणून सगळीकडं बिनचूकच असणार, असं मी धरून चाललो होतो. भावाकडं तोंड केल्यावर ती काय दाखवते, हे मी कधी पाहिलंच नाही. शिवाय मी पडलो दत्तभक्त. गुरुवार चुकवला नाही, पारायण चुकवलं नाही. "एवढं करणाऱ्या माणसाच्या हातून चुकेल कसं?" हे माझ्या मूर्तीच्या तळाचं चुंबक होतं.

आता कुणी विचारील, की मन असं फसत असेल, तर त्याचं ऐकायचंच कशाला? पण होकायंत्र चुकतं म्हणून ते फेकून देणारा माणूस रणात आणखी लवकर चुकेल. यंत्र फेकायचं नसतं, तपासून घ्यायचं असतं. दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. चूक आतून कळतच नसेल, तर तिचा दोष माणसाला लावायचा कसा? मला असं वाटतं, की गाडीत लोखंड आहे याचा दोष आपल्याकडं येत नाही. गाडी लोखंडाचीच असते, आणि देहाबरोबर अहंता आलीच. पण न तपासता निघाल्याचा दोष नक्की आपला. मी त्या दिवशी बांध घालताना खोटं मोजलं नव्हतं, तरी मी दोषी होतो. कारण दोन समान भाग करणारी रेघ उभीही ओढता आली असती, आडवीही ओढता आली असती. विहीर मधोमध ठेवणारीही एक रेघ होती. मी नेमकी विहीर माझ्याकडं येणारी निवडली, आणि का निवडली हे स्वतःला विचारलं नाही.

मग तपासायचं कसं? याचं उत्तर माझ्याच धंद्यात होतं. कंपासनं मोजणी करताना एका खुणेवर उभं राहून पुढच्या खुणेची दिशा घेतात. मग पुढच्या खुणेवर जाऊन, मागं वळून, आधीच्या खुणेची दिशा घेतात. या दोन आकड्यांत बरोबर 180 अंशांचा फरक यायला हवा. नाही आला, तर समजायचं की दोहोंपैकी एका जागी आसपास कुठंतरी लोखंड आहे. म्हणजे आपल्या जागेवर उभं राहून चूक सापडत नाही. समोरच्याच्या जागेवर जाऊन आपल्याकडं वळून पाहावं लागतं. हे मी हजारो वेळा केलं असेल, पण पायानं केलं, मनानं केलं नाही.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतो. ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या गुरूंपैकी कितीतरी स्वतः चुकलेले आहेत. पतंग दिव्यावर जातो, हरीण गाण्याला भुलतं, मासा गळाला लागतो. पतंगाला आपण चुकतोय असं वाटत नसणार. त्याला तो उजेडच वाटतो. अवधूतानं त्या प्रत्येकाच्या जागी स्वतःला ठेवून आपल्याकडं वळून पाहिलं, म्हणून ते गुरू झाले. आपण कथा ऐकतो आणि पतंगाची कीव करतो, तिथं आपलं चुकतं.

सद्गुरू काय करतात, हेही मला त्या दोन स्क्रूंवरून थोडंसं उमगलं. ती छोटी चुंबकं सुईला उत्तरेकडं ओढत नाहीत. ती फक्त गाडीच्या लोखंडाची ओढ फेडतात. ती ओढ फिटली, की सुई आपोआप उत्तरेला जाते, कारण ते तिच्या स्वभावातच आहे. पण इथं सावध राहायला हवं. सुईजवळ एखादं दांडगं चुंबक आणून ठेवलं, तर सुई एकदम स्थिर होते, मुळीच डळमळत नाही. गाडी कुठंही वळवा, ती एकच दिशा दाखवते. ती स्थिरता मेलेल्या सुईची आहे. आजकाल काही ठिकाणी माणसं अशी स्थिर झालेली दिसतात आणि त्यालाच श्रद्धा म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. गाडी वळवून पाहावी. आपण वळल्यावर जी सुई आपली जागा दाखवते, ती जिवंत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बांध ओलांडून भावाच्या रानात गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात उभा राहून माझ्या बाजूला पाहिलं. तिथून औदुंबर दिसतो आणि त्याच्याआड विहीर. मधे माझा बांध. त्या कोपऱ्यातला त्याचा ऊस पाण्याविना खुरटलेला होता. धाकटा आला. मी म्हटलं, "विहिरीचं माझ्याकडून चुकलं."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मोजलंत ते बरोबरच मोजलंत, दादा. पण टेपचं दुसरं टोक धरायला गडी बोलावलात. मला नाही बोलावलंत."

मी काय बोलणार? टेपला दोन टोकं असतात, हे मला त्यानं सांगावं लागलं.

सगळं मिटलं असं मी लिहिणार नाही. पाण्याची पाळी चार-चार दिवसांची ठरली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद दोघांच्या नावानं करायचा अर्ज दिला आहे. पण भावजय अजून माझ्याशी मोकळं बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. अकरा वर्षं घागरी तिनं वाहिल्या. होकायंत्राची दुरुस्ती झाली तरी प्रत्येक दिशेला एखाद-दोन अंश चूक उरतेच. ती एका कार्डावर लिहून यंत्राशेजारी लावतात, म्हणजे चालवणारा तेवढं धरून चालतो. पोरानं तसं कार्ड केलं. मीही मनाशी एक केलं आहे. धाकट्याच्या बाबतीत, पैशाच्या बाबतीत, कुणी माझी स्तुती केली त्या वेळी, माझी सुई कुठल्या अंगाला झुकते ते त्यात आहे. ते कार्ड मी दर गुरुवारी वाचतो. आणि यंत्राची दुरुस्ती एकदाच करून भागत नाही. गाडीला नवं सामान बसवलं, वेल्डिंग केलं, की पुन्हा चारही दिशा तपासाव्या लागतात.

पोरगा कच्छहून आला तेव्हा दोन्ही घरांसाठी प्रसाद घेऊन आला. काळा डुंगरावर दत्तमहाराजांचा प्रसाद कोल्ह्यांना घालतात, ते पाहून तो हरखून गेला होता. त्या डोंगराच्या वाटेवर एके ठिकाणी गाडी आपोआप चढावर जाते असं वाटतं. लोक म्हणतात तिथं चुंबक आहे. तो म्हणाला, "काका, गाडी चढतेय असंच वाटलं, पण होकायंत्र जागचं हललं नाही. उतारच होता, डोळ्यांना चढ दिसत होता." माणसाचे डोळेही असे फसतात.

रात्री अंगणात त्याला ध्रुव दाखवला. आपल्याकडून तो क्षितिजापासून सतराएक अंशांवर, बराच खाली दिसतो. त्याला सांगितलं, की सुई दाखवते ती चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यांतही थोडा फरक असतो. आपल्या भागात तो अंशभरही नसेल, पण जगात काही ठिकाणी पुष्कळ असतो. आणि ध्रुवसुद्धा नेमक्या मध्यबिंदूवर नाही, जरासा बाजूला आहे. तो म्हणाला, "मग नेमकं बरोबर काय धरायचं?" मी म्हटलं, "जवळ जात राहायचं, बाळा. आणि पोचलो असं म्हणायचं नाही."

गेल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला औदुंबराखाली दोन्ही घरं जमली. पाळणा म्हणायला माझी सून आणि धाकट्याची मुलगी शेजारी बसल्या होत्या. भावजय आली, लांब बसली, पण आली. आरती झाल्यावर धाकट्यानं विचारलं, बांधात जायला-यायला वाट ठेवायची, तर ती कुठून काढायची. मी टेप आणला आणि त्याचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥